तुमच्याबद्दल नाही हं

२९ ऑगस्ट २०२५, बर्मिंगहॅम

शेजारच्या आजींनी कुंपणावरून प्लम्सची पिशवी दिली आणि म्हणाल्या, "ते झेंडे आहेत ना, ते तुमच्याबद्दल नाही हं." मी काही विचारलंही नव्हतं. 'छे, छे' करत पिशवी घेतली. तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय.

शहरातल्या वीओली कासल भागात झेंडे लावायला सुरुवात झाली आणि बघता बघता आमच्या रस्त्यावर खांबाखांबाला इंग्लंडच्या झेंड्याचे लाल क्रॉस लागले. गेल्या वर्षी युरो फुटबॉलच्या फायनलला हाच झेंडा आमच्याही खिडकीत होता. स्पेनकडून हरलो तेव्हा अर्णव जेवला नव्हता. आता स्टेशनला जाताना वर बघायचं नाही असं ठरवते, आणि बघतेच.

माझ्याबद्दल नाही, मग कोणाबद्दल? हॉटेलांत ठेवलेल्या, देशात आश्रय मागणाऱ्या लोकांबद्दल म्हणे. पण अंधारात बसमधून उतरलेली बाई टॅक्स भरणारी आहे की हॉटेलातली, हे कोणी विचारून ठरवणार आहे का? जाऊ दे. खरं टोचतंय ते वेगळंच. आजींचं वाक्य ऐकून मला क्षणभर बरं वाटलं होतं.

मे महिन्यात इथले पंतप्रधान स्टार्मर स्थलांतरावर बोलताना, देश 'अनोळखी लोकांचं बेट' होईल म्हणाले, जूनमध्ये म्हणाले तसं बोलायला नको होतं. शब्दांचा पश्चात्ताप झाला, आयएलआर, म्हणजे इथे कायम राहायची परवानगी, ५ ऐवजी १० वर्षांनी द्यायचा प्रस्ताव मात्र जागच्या जागी. अमोल रोज रात्री हिशेब मांडून बसतो. त्यावर आज नकोच.

डोंबिवलीला बाबा पेपर वाचताना 'ह्या भय्यांनी ना...' सुरू करायचे आणि नेमका दूधवाला दारात. "तुला नाही रे म्हणत, तू आपला." तो हसायचा, वर थोडं दूध जास्त घालायचा. जौनपूरचा होता, एवढंच आम्हाला माहीत. जिना उतरताना तो काय पुटपुटत असेल, हे मला आज पहिल्यांदा सुचतंय. घ्या, फिटंफाट!

संध्याकाळी प्लम्सची चटणी केली, तिखट कमी घालून एक बाटली आजींना नेऊन दिली. बोलणं आपोआप कचऱ्यावर गेलं. मार्चपासून संप, कोपऱ्यावर काळ्या पिशव्या फुटून पडल्यात, मांजराएवढे उंदीर. आणि कौन्सिल टॅक्स आधी १० टक्क्यांनी वाढवला, यंदा पुन्हा साडेसात. दोघींनी दारात उभ्या राहून कौन्सिलला मनसोक्त शिव्या घातल्या. माझा आवाज त्यांच्याहून मोठा होता.