तुम्ही विचारलंत म्हणून: नव्या टीव्हीवर सिनेमा मालिकेसारखा का दिसतो?

रामबाग असो की सुदामानगर, इंदुरात मराठी घरात नवा टीव्ही आला की मला हाच प्रश्न विचारला जातो. ५५ इंची आहे, ४के आहे, मग सिनेमा मालिकेसारखा का दिसतो आणि माणसं काय बोलतात ते का कळत नाही?

मला हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. आपल्या गावात मराठी सिनेमा थिएटरला लागलाच तर एखादा खेळ मिळतो, तोही अवेळी. म्हणून बहुतेकांचा मराठी सिनेमा घरीच बघून होतो. तिथे चित्र बिघडलं की लोक म्हणतात, मराठीत छायाचित्रण कच्चंच असतं. हे ऐकून मला वाईट वाटतं, कारण दोष बहुतेक वेळा टीव्हीच्या मेनूत असतो.

सिनेमा सेकंदाला २४ चौकटींत, म्हणजे स्थिर चित्रांत, चित्रित होतो. टीव्हीचं साधं पॅनल, म्हणजे पडदा, सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतं. ६० ला २४ ने पूर्ण भाग जात नाही, म्हणून एक चौकट दोनदा आणि पुढची तीनदा दाखवावी लागते, आणि कॅमेरा आडवा फिरताना बारीक हिसके बसतात. ते लपवायला टीव्ही दोन चौकटींच्या मधली चित्रं स्वतःच तयार करून घुसवतो. एलजीवर याचं नाव ट्रूमोशन, सोनीवर मोशनफ्लो, सॅमसंगवर ऑटो मोशन प्लस किंवा पिक्चर क्लॅरिटी. हालचाल अगदी गुळगुळीत होते, आणि तिथेच घात होतो. दूरदर्शनच्या काळापासून स्टुडिओतला व्हिडिओ आपण सेकंदाला ५० वेळा बदलणाऱ्या चित्रात पाहत आलो. त्यामुळे गुळगुळीत हालचाल दिसली की डोळे तिला मालिका समजतात. वाडा प्लायवूडचा वाटू लागतो, चेहऱ्यावरचा मेकअप दिसू लागतो. वेगाने हललेल्या हाताभोवती भुतासारखी कड उमटते, फिरत्या पंख्याची पाती तुटक होतात.

ही सोय आधी बंद करा. ६० च्या पॅनलवर थोडे हिसके उरतील, ते चालवून घ्या. अगदीच सहन होत नसतील तर जिथे डी-जडर नावाची, हिसके कमी-जास्त करायची पट्टी असते तिथे ती दहापैकी एक-दोनवर ठेवा, त्यावर नेऊ नका. पॅनल १२० चं असेल तर प्रत्येक चौकट बरोबर पाचदा बसू शकते आणि प्रश्नच मिटतो. क्रिकेटला ही सोय चालू ठेवायची तर खुशाल ठेवा, त्यात कुणाच्या कलेचं नुकसान नाही.

नव्या बऱ्याच संचांत फिल्ममेकर मोड असतो. तो २०१९ मध्ये जाहीर झाला आणि वरचं सगळं एका बटणात बंद करतो. तो नसेल तर मूव्ही किंवा सिनेमा मोड निवडा. व्हिविड मोड हा दुकानातल्या पांढऱ्याशुभ्र ट्यूबलाइटखाली, शेजारच्या टीव्हीपेक्षा उठून दिसण्यासाठी असतो. घरी त्याने कातडी निळसर पडते आणि आभाळ रंगवल्यासारखं दिसतं. मूव्ही मोड पहिल्या दिवशी पिवळा वाटेल. दोन-तीन दिवस तसाच राहू द्या, डोळे सरावतात. शार्पनेस कमी ठेवा. तो वाढवल्याने तपशील वाढत नाही, कडांना फक्त पांढरी रेघ येते. वीज वाचवणारा इको मोड बंद करा, नाहीतर रात्रीचे प्रसंग काळ्या डबक्यात बुडतात.

एक अडचण हमखास येते. हे बदल बहुधा इनपुटनुसार साठवले जातात. सेट-टॉप बॉक्सला केलेलं अॅपला लागू होत नाही, आणि एचडीआर (उजेड-अंधाराचा जास्त पल्ला दाखवणारा) चित्रपट सुरू झाला की त्याची मांडणी पुन्हा वेगळी असते. प्रत्येक ठिकाणी जाऊन बदलावं लागतं. 'एकदा केलं होतं, परत तसंच झालं' ही तक्रार इथूनच येते.

आता चित्राच्या आकाराबद्दल, आणि इथे मी जरा कडक बोलणार आहे. प्रभातचा १९३६ चा 'संत तुकाराम' जवळजवळ चौकोनी चौकटीत आहे. बाजूला काळ्या पट्ट्या दिसतात म्हणून तो ताणून पडदाभर केला तर प्रत्येक माणूस एक तृतीयांश रुंद होतो. झूम केला तर वरखाली मिळून चित्राचा चौथा हिस्सा कापला जातो. रुंद पडद्याचे सिनेमे झूम केले की तेवढाच हिस्सा डावी-उजवीकडून जातो, आणि दोघांच्या प्रसंगात एकाचा अर्धा चेहराच गायब होतो. पैसे पूर्ण पडद्याचे दिले म्हणून पडदा भरलाच पाहिजे, हा हिशेब सिनेमाला लावू नये. आकार 'ओरिजिनल' ठेवा. एलजीवर जस्ट स्कॅन, सॅमसंगवर फिट टू स्क्रीन हा पर्याय चालू करा, म्हणजे बॉक्सवरून येणाऱ्या चित्राच्या कडाही शाबूत राहतील.

राहिला आवाज. सिनेमातलं बोलणं मुख्यतः मधल्या स्पीकरसाठी मिसळलेलं असतं. आपल्या टीव्हीत दोन लहान स्पीकर, तेही खाली किंवा भिंतीकडे तोंड करून. पाच स्पीकरसाठी वेगवेगळा केलेला आवाज त्या दोघांत कोंबला की पार्श्वसंगीत बोलण्यावर चढतं. अॅपमध्ये भाषेच्या यादीत ५.१ (हाच पाच स्पीकरचा आवाज) आणि साधा असे दोन पर्याय असतील तर साधा, म्हणजे स्टिरिओ निवडा. टीव्हीच्या आवाजात क्लिअर व्हॉइस चालू करा, सराउंडचे सगळे आभास बंद करा. साउंडबार घ्यायचाच असेल तर २.१ ऐवजी ३.१ घ्या. त्यातला तिसरा स्पीकर मधोमध, मुख्यतः बोलण्यासाठी असतो. बार टीव्हीच्या पुढे, कपाटाच्या आत न ढकलता ठेवा, आणि ओठ आधी हलून शब्द मागून आले तर मेनूतला ऑडिओ डिले शून्यावर आणून बघा.