उभ्या पायाची टाच

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत गॅदरिंग, सहल आणि गणिताच्या सरांचा मार यांवर बाकीचे भरभरून लिहिणारच. मी लाथेवर लिहिते.

१९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये तायक्वांदो हा लाथांचा कोरियन खेळ प्रात्यक्षिक म्हणून खेळवला गेला. त्याला पदकं मिळायला २००० चं सिडनी उजाडलं. मधल्या काळात आपल्या पी.टी.च्या सरांनी कोल्हापूरला जाऊन हा खेळ शिकून घेतला आणि मालवणात, शनिवारच्या सकाळच्या शाळेनंतर, आम्हाला शिकवायला घेतला. मॅट कुठली असायला! उन्हाळ्यात पटांगणातले जांभ्याचे खडे अनवाणी पायांना टोचायचे, पावसाळ्यात व्हरांड्यातला कोबा ओला. पॅड म्हणजे गोणपाटात नारळाची सोडणं ठासून शिवलेली गादी.

आप चागी, म्हणजे समोरची सरळ लाथ, लवकर जमते. घाम काढते ती दोल्यो चागी, बाजूनं गोल येणारी. बघणाऱ्यांचे डोळे हवेतल्या पायावर असतात, सरांचे कायम जमिनीवरच्या. गुडघा दुमडून वर घ्यायचा, उभा पाय चवड्यावर फिरवून टाच समोरच्याकडे न्यायची, त्याबरोबर कंबर वळते आणि मग गुडघ्यापासून पाय सुटतो. लागली की तशीच दुमडून मागे, नाहीतर तोल सावरेपर्यंत समोरचा आत शिरलेला असतो. टाच वळली नाही तर सगळा पीळ उभ्या गुडघ्यात. "गुडघो आदी, पाय मागसून!" सर ओरडायचे. भूमितीही तेच शिकवत, त्यामुळे कोब्यावर खडूनं चवड्यासाठी टिंब आणि टाचेसाठी कंस काढून द्यायचे. ओल्या कोब्यावर टाच झकास फिरायची, पाठोपाठ आपणही.

मुलींनाही घ्यायचं ठरलं तेव्हा आमच्या आजीनं विचारलं, "शाळेत चेडवांका लाथ मारूक शिकयतत?" तिचं तरी काय चुकलं? पुस्तकाला पाय लागला तरी आपण हात लावून नमस्कार करतो, इथे तर समोर माणूस. गादी धरलेल्या मैत्रिणीच्या दंडाला पाय घासला की मी थांबून तिला हात लावायची आणि तो छातीशी न्यायची. तिची पाळी आली की तीही तेच. सर 'शिजाक' म्हणून सुरू करायचे आणि आमची नमस्कारांची देवाणघेवाण चालूच. शेवटी त्यांनी तोडगा काढला. तासाच्या सुरुवातीला 'चार्योत, क्योंगने' म्हणून आपण वाकतो ना, त्यातच पुढच्या सगळ्या लाथांचा नमस्कार आगाऊ झाला! हा हिशेब कोरियात कुणी मान्य केला असता का, देव जाणे. आम्हाला पटला आणि लाथा जोरात बसायला लागल्या.

जोर कळायचा आवाजावरून. सर पाठमोरे उभे राहून ऐकायचे. 'फट्' आलं म्हणजे पावलाची पाठ नीट बसली, 'धप्प' म्हणजे नडगी. आता माझी मुलगी रत्नागिरीला खेळते, तिच्या छातीच्या गार्डमध्ये आणि पायमोज्यांत सेन्सर असतात. अंगावरच्या साध्या लाथेला २ गुण, डोक्यावरच्या लाथेला ३, आणि आकडे थेट पडद्यावर. पंचांच्या नजरेवरून होणारी भांडणं कमी झाली, हे मान्य. पण पुढचा पाय उचलून धरून नुसतं टोचत राहणारी पोरं पाहिली की माझा जीव वरखाली होतो. तिला सांगायला गेले तर म्हणते, "आई, गुण मिळतात ना?"

शाळेच्या नव्या हॉलमध्ये निळ्या मॅट आल्याचं समजलं. फार चांगलं झालं. त्यांवर खडू काही उमटणार नाही, तेव्हा नव्या सरांनी टाचेच्या कंसासाठी रंगीत चिकटपट्टी वापरून बघावी. रिळं मी पाठवते.