काकांशी वाद, विषय लस
आज राजवाड्याजवळ पोहे खाताना कोविडचा विषय निघाला आणि काका लगेच "लसीकरण आपल्यासारखं कुणालाच जमलं नाही" वर आले. अहो 21 ऑक्टोबर 2021 ला 100 कोटी डोस झाले, मोठंच काम आहे, पण भूतान बघा ना, मुहूर्त काढून 27 मार्च 2021 ला सुरू केलं आणि तीनेक आठवड्यांत बहुतेक सगळ्या मोठ्यांना पहिला डोस, तोही आपणच फुकट दिलेली कोविशील्ड! लोकसंख्या आठ लाखांच्या आत, हे काकांचं खरंय, पण लुनानासारख्या दुर्गम डोंगराळ भागात हेलिकॉप्टरने लस न्यावी लागली त्याचं काय. मग आपल्याकडे दुसरी लाट, एक्स्पोर्ट बंद, भूतानला जुलैत अमेरिकेची मॉडर्ना मिळाली, नेपाळचे म्हातारे मात्र दुसऱ्या डोससाठी ताटकळत बसले. हे बोललो तर काका म्हणे तू कुणाच्या बाजूने आहेस?