साडेसहाची आठवण नऊ वाजता

आईची थायरॉईडची गोळी उपाशीपोटी घ्यायची असते. तिच्या फोनमध्ये मी आठवण करून देणारं अ‍ॅप टाकलं आणि सकाळी साडेसहाची वेळ लावली. तीन-चार दिवस बरं चाललं. मग एका सकाळी नाश्ता आटोपल्यावर तिने फोन उचलून स्क्रीन उघडली आणि तेव्हा कुठे टिंग वाजलं: ‘गोळी घ्या’. घड्याळात नऊ वाजले होते. "वाजलंच नाही रे, मी इथेच तर होते," आई म्हणाली. मला फार वाईट वाटलं, कारण त्या अ‍ॅपच्या भरवशावर मीच तिला ठेवलं होतं.

अ‍ॅप बदललं, तरी तेच. मग शोध घेतला. फोन नुसता पडून असेल तर अ‍ॅपना झोपवणारी ‘डोझ’ ही सोय अँड्रॉइडमध्येच आहे, 2015 मध्ये आलेल्या 6.0 आवृत्तीपासून. पण अलार्मसारख्या कामांना डोझमधूनही जागं होण्याची वाट ठेवलेली असते. काही कंपन्या आपल्या स्किनमध्ये, म्हणजे मूळ अँड्रॉइडवर चढवलेल्या स्वतःच्या रूपात, बॅटरी वाचवण्यासाठी त्यावर स्वतःचे आणखी कडक नियम चढवतात आणि मागे चालणारं अ‍ॅप पार बंदच करून टाकतात. आईच्या फोनवर हेच होत होतं. बॅटरीच्या सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपवरचं बंधन काढलं, ऑटोस्टार्ट (आपोआप सुरू होण्याची परवानगी) चालू केलं, रिसेंट अ‍ॅप्समध्ये जाऊन ते बंद होऊ नये म्हणून त्याला कुलूप लावलं. तीन वेगळ्या ठिकाणी. दोन महिने सुरळीत गेले, मग सिस्टिम अपडेट आलं आणि ऑटोस्टार्ट पुन्हा बंद. कुणी कळवलं नाही, विचारलं नाही. हे मला आजही पटत नाही.

नवा फोन घ्यायचं ठरलं तेव्हा जाहिराती बाजूला ठेवल्या. भावाचा स्टॉक अँड्रॉइडचा, म्हणजे स्किन न चढवलेल्या मूळ अँड्रॉइडचा फोन आठ दिवस मागून घेतला, तेच अ‍ॅप टाकलं आणि रात्री टेबलावर ठेवून दिला, सकाळपर्यंत हात लावायचा नाही. आठही दिवस साडेसहाला वाजला. माझ्या दृष्टीने निम्मा निकाल तिथेच लागला.

उरलेला निम्मा आईच्या सवयींचा होता. जुन्या फोनवर तिला मोठ्या आयकॉनची साधी होमस्क्रीन होती, ती इथे नव्हती. मी डिस्प्ले साइज आणि अक्षरं वाढवून दिली. कडेवरून बोट सरकवून मागे जाणं तिला जमेना, म्हणून खाली तीन बटणं आणली. दोन नंबरांवरचं व्हॉट्सअ‍ॅप ही माझी मोठी अडचण वाटत होती, पण 2023 पासून एकाच अ‍ॅपमध्ये दोन खाती चालतात. लांब स्क्रीनशॉटही अँड्रॉइड 12 पासून मूळ अँड्रॉइडमध्येच आलाय. स्किनच्या बाजूने माझ्याकडे असलेली निम्मी कारणं जुनी झाली होती.

अपडेटचंही तसंच. पूर्वी ‘स्टॉक घे, अपडेट लवकर मिळतात’ एवढं म्हटलं की पुरे. आता गूगलने आपल्या पिक्सेल 8 फोनला सात वर्षांच्या अपडेटचं वचन दिलंय (ऑक्टोबर 2023), तर सॅमसंगने गॅलेक्सी एस 24 लाही सात वर्षांचंच, जानेवारी 2024 मध्ये. सॅमसंगचं वन यूआय म्हणजे उघड उघड स्किनच की! म्हणून स्किनवरून अंदाज बांधण्यापेक्षा आपण घेतोय त्याच मॉडेलला किती वर्षं मिळणार, ते बघावं. आणि ‘शुद्ध’ म्हणतात तो पिक्सेलही तितकासा शुद्ध नाही, गूगलची स्वतःची भर त्यात असतेच.

आईला स्टॉकवालाच घेतला. पहिला आठवडाभर मी सव्वासहालाच उठून बसायचो. साडेसहाला वाजायचा, आई आवाज बंद करून पाण्याचा पेला उचलायची.

माझा स्वतःचा फोन अजून स्किनचाच आहे. एका स्क्रीनवर दोन-तीन छोट्या खिडक्या उघडून काम करायची मला सवय लागलीय आणि ती सोय त्यात फार छान दिलेली आहे. फक्त अपडेट आलं की मी बॅटरी आणि ऑटोस्टार्टची पानं एकदा उघडून बघतो.