कांद्याच्या वावरात स्तोत्र १२६

आधीच सांगतो, मी काही फार भाविक वगैरे माणूस नाही. नाशिकरोडला राहतो, बाळयेशूचं चर्च रिक्षाने दहा मिनिटांवर, त्यामुळे मी संगमनेरहून चालत येणार म्हटल्यावर बायको हसायलाच लागली, म्हणाली घरातून चालत गेलास तरी देव मोजेल की. पण आत्याचा नवस होता. ती गावाकडे एकटीच असते, वय त्रेसष्ट, गुडघे दुखतात, आणि एकदा ठरवलं की कोणाच्या बापाचं ऐकत नाही. म्हणून फेब्रुवारीतल्या यात्रेला गावच्या चौदा जणांत मी पंधरावा.

निघताना फादरांनी प्रत्येकाच्या हातात घडी घातलेली झेरॉक्स दिली, बायबलमधली स्तोत्र १२० ते १३४. यरुशलेमला सणाला चढून जाणारे यात्रेकरू ही म्हणत जायचे असं मानतात, म्हणून यांना आरोहण स्तोत्रं म्हणतात. पंधरा स्तोत्रं, तीन दिवस, रोज पाच. फादर म्हणाले वाचत बसू नका, चालता चालता तोंडाने म्हणा. मला वाटलं चला सोपंय, कारण माझं बायबल वाचन म्हणजे दर जानेवारीला 'एका वर्षात संपूर्ण बायबल' सुरू करायचं आणि फेब्रुवारीत लेवीयच्या पुस्तकात, त्या अर्पणांच्या आणि कोडाच्या नियमांत अडकून बंद पाडायचं. यंदाही तेच झालेलं. मोबाईलवरचं अॅप रोज सकाळी एक वचन पाठवतं, मी ते दात घासताना बघतो आणि फॅमिली ग्रुपवर ढकलतो, संपलं.

पहिला दिवस फार आठवत नाही. अंधारात निघालो, दाजींच्या गळ्यात शिट्टी, मागे पाण्याचा छोटा टेम्पो. रस्ता चौपदरी झाल्यापासून सावली म्हणून उरली नाही, नुसता डांबराचा तवा. १२१ वं स्तोत्र दाजी दर थांब्याला म्हणायला लावायचे. "मी आपली दृष्टी पर्वतांकडे लावतो, मला साहाय्य कोठून येईल?" तिसऱ्यांदा म्हणताना पहिल्यांदा लक्षात आलं की अरे हा प्रश्न आहे! लहानपणापासून मी समजत होतो की मदत डोंगराकडून येते. डोंगर काही देत नाही, उत्तर पुढच्या ओळीत आहे, आकाश आणि पृथ्वी ज्याने केली त्याच्याकडून. चाळिशी आली आणि आत्ता कळतंय. आणि त्याच स्तोत्रात पुढे, दिवसा सूर्याची बाधा होणार नाही. हे दुपारी एक वाजता म्हणायचं, मान भाजून निघालेली असताना! मी दाजींना म्हटलं, जरा संध्याकाळी घेऊ की हे, तर त्यांनी शिट्टीच वाजवली.

नांदूर शिंगोट्याला मुक्काम. झोप नाही, बाजूला एक जण ट्रकसारखा घोरत होता.

दुसऱ्या दिवशी दोडी सोडली आणि डाव्या टाचेला फोड आला. नवीन बूट, माझीच चूक, दुकानदार म्हणाला होता की आठवडाभर आधी घालून बघा. आधी नुसतं चुरचुरलं, मग प्रत्येक पावलाला कोणीतरी काडी पेटवून टाचेला लावतंय असं. टेम्पो पुढे निघून गेलेला, फोन बंद पडलेला, आत्या माझ्यापुढे दीडशे पावलं, गुडघे दुखणारी बाई जपमाळ ओढत तरातरा चाललीये आणि मी लंगडतोय. खरं सांगायचं तर राग आलेला, तिचा, दाजींच्या शिट्टीचा, बाळयेशूचाही. "तो तुझा पाय ढळू देणार नाही." बरोबर आहे, ढळू देणार नाही म्हटलंय, फोडाबद्दल कुठे काय म्हटलंय.

रस्त्याकडेच्या वावरात कांदा काढणी चालू होती. पाच-सहा बायका बसून पात कापत होत्या, मी बांधावर बसून बूट काढला तशी त्यातली एक वयस्कर बाई विळा ठेवून उठून आली. गळ्यात तुळशीची माळ. पाय बघितला आणि पहिलं वाक्य, "शिर्डीला चाललात व्हय? मग उलटे चाललात." तिला सांगितलं नाशिकला, बाळयेशूला. "आसं व्हय," म्हणाली आणि पोराला घरी पिटाळलं. तो गोधडीची सुई, काळा दोरा, काडेपेटी आणि वाटीत खोबरेल घेऊन आला. माझ्या डोक्यात एकच, ही आता फोड फोडणार. तर ती म्हणाली फोडायचा नाय, फोडला की कातडं निघतं आन मग चालणं बंद. सुई काडीवर लाल होईस्तोवर तापवली, दोरा तेलात बुडवला, फोडाच्या एका कडेने घालून दुसऱ्या कडेने काढली, आणि दोरा तसाच आत ठेवून दोन्हीकडे बोटभर कापला. दोऱ्यावरून पाणी हळूहळू टिपकत बाहेर यायला लागलं. दुखलं नाही फारसं. "निवृत्तिनाथांच्या वारीला आमच्या दारात दिंडी उतरती, दर सालचे वीस-पंचवीस पाय असेच शिवते," म्हणाली. शिवते! पौष एकादशीला होऊन गेलेली ती वारी, म्हणजे बाईचा हात ताजा होता.

तोवर आत्या मागे फिरून आली, घाबरलेली, आणि मला बघून आधी ओरडली. मग दोघी बसल्या. बाईने विचारलं, तुमच्यात अभंग असत्यात का. आत्याने टिळकांचं एक भजन म्हटलं, रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं, जे तुकोबाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं स्वतःच सांगायचे. बाईने मान डोलावली, चाल ओळखीची वाटली म्हणाली. मग आत्या मला म्हणते, त्यांना आजचं स्तोत्र वाचून दाखव. त्या दिवशीच्या पाचात १२६ होतं. मी घामाने भिजलेली झेरॉक्स काढून वाचलं, जे रडत पेरतात ते गात गात कापणी करतील, असं काहीतरी.

बाई क्षणभर गप्प, मग फिस्सकन हसली. "कांद्याचं तसं नसतंय दादा. हसत लावायचा, आन रडत इकायचा."

बाकीच्या बायका पण हसल्या, आत्याही हसली, मला मात्र काय बोलावं कळेना. भाव विचारायची हिंमत झाली नाही, समोर ढीग पडलेला. निघताना तिने पिशवीत चार कांदे टाकले, दोन किलोमीटर झाल्यावर लक्षात आलं की तिचं नावही विचारलं नाही.

पण ती ओळ सोडेना. सिन्नर येईपर्यंत तेच डोक्यात. वाचून झालेल्या वचनाने मी असा कधी भांडलो नव्हतो. स्तोत्रवाल्याला कांद्याचं माहीत नसेल, पण रडत पेरणं माहीत होतं, म्हणजे घरातलं शेवटचं बी मातीत टाकताना रडू येणारच की, तेच खाल्लं असतं तर पोरांचं पोट भरलं असतं. पन्नास वेळा तरी ऐकलं असेल हे चर्चमध्ये, बियाण्याचा विचार आला नव्हता.

सिन्नरला शिर्डीचे पदयात्री भेटले, साईराम म्हणत त्यांनी चहा पाजला. गोंदेश्वराचं देऊळ लांबूनच. रात्री एमआयडीसीकडे एका शेडमध्ये झोपलो, मला झोप नव्हती म्हणून वॉचमनबरोबर बसलो. १३० मध्ये आहे ना, पहारेकरी पहाटेची वाट बघतात त्याहून जास्त. त्याला विचारलं, पहाटेची वाट बघता का. म्हणाला पहाटेची नाही हो, रिलिव्हरची. तो कधीच वेळेवर येत नाही.

मोहदरी घाट, शिंदे, पळसे, चेहेडीचा पूल. दोऱ्याने टाच शाबूत ठेवली, खरंच. बिटको चौकात आल्यावर घर इतकं जवळ की पाय आपोआप तिकडे वळायला लागले, आत्याने दंडाला धरून सरळ केला. चर्चजवळ माणसांचा पूर, लाऊडस्पीकरवर मिस्सा म्हणजे चर्चची उपासना, मेणबत्त्यांचा धूर, रांगेत एकाने नेमका डाव्या पायावर पाय दिला. माझ्या तोंडून जे आलं ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि त्यानंतर पाच मिनिटांत मी बाळयेशूसमोर होतो आणि काही मागायला सुचेना. आत्या रडत होती. नवस कसला होता ते तिने आजवर सांगितलेलं नाही.

घरी आलो, आंघोळ, पिठलं-भाकरी, सोबत त्याच कांद्यातला एक बुक्की मारून. बायकोला टाचेतला काळा दोरा दिसला आणि ती किंचाळली. साडेअकराला दिवा घालवल्यावर आतल्या खोलीतून आत्याचा आवाज, "आरं, शेवटचं राहिलं की!" १३४. झेरॉक्स बॅगेत, बॅग गॅलरीत. म्हटलं तीनच तर ओव्या आहेत, रात्री प्रभूच्या घरात उभे राहणाऱ्यांनो, असं अंधारातच म्हणायला लागलो, दुसऱ्या ओळीला अडलो. आतून आत्याने पुढचा शब्द सांगितला. तिसऱ्या ओळीपर्यंत ती घोरायला लागली होती.