सहा सुताची पटाशी

आयटीआयमध्ये वीस वर्षं सुतारकाम शिकवलं, पण हत्यारं मोजायची खरी सवय लागली ती तुरुंगातल्या वर्गामुळे. तिथे भिंतीवरच्या फळीवर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवलेली असते. संध्याकाळी एखादी आकृती उघडी दिसली, की ते हत्यार सापडेपर्यंत कारखान्यातून कोणी हलत नाही. मीसुद्धा नाही. येरवड्याच्या किंवा नाशिकरोडच्या विक्री केंद्रात सागाचं फर्निचर ठोकून बघणाऱ्यांना हे कुठून ठाऊक असणार!

त्या दिवशी सहा सुताच्या पटाशीची जागा रिकामी होती.

पहाऱ्यावरच्या तुरुंग सुभेदारांनी चौदाही बंद्यांना जोडीनं खाली बसवलं. खिसे, टोप्या, चपला, सगळ्याची झडती झाली. रंध्याच्या सालपटांचा ढीग उपसला, भुसा चाळला. सहा सूत म्हणजे जेमतेम पाऊण इंच रुंदी, पण ते धारेचं पातं बराकीत गेलं तर काय, हे कोणी बोललं नाही. एका पोराची सुटका महिन्यावर आली होती. शिस्तभंगाची नोंद झाली तर शिक्षेत मिळालेले माफीचे दिवस कापले जातात, म्हणून तो पांढराफटक पडला होता. आणि मी तावातावानं ओरडत होतो, "ज्यानं घेतली त्यानं मुकाट्यानं द्या!"

कोपऱ्यातून आबांनी हात वर केला. जन्मठेपेची अकरा वर्षं झालेली, मूळचे शेतकरी. आठ महिन्यांत हात असा बसला होता, की त्यांच्या सांध्यात कागद शिरायचा नाही. अकुशल मजुरीवरून अर्धकुशलवर जायची वाट बघत होते.

"मास्तर, त्या टेबलाचा खालचा ड्रॉवर अजून घासतोय. एकदा बघून घ्या."

"आत्ता ड्रॉवरचं काय काढलंस?" सुभेदार खेकसले.

माझ्या पोटात गोळा आला. एका सरकारी कचेरीसाठीचं टेबल होतं ते. दुपारी त्या ड्रॉवरची पट्टी मी स्वतः तासली होती. ड्रॉवर ओढला. आत पटाशी, शेजारी माझी पेन्सिल.

ठेवताना आबांनी पाहिलं होतं. सरळ नाव घ्यायची सोय त्यांना नव्हती, की माझी लाज राखायची होती, कोण जाणे.

"नोंद काय करू?" सुभेदारांनी विचारलं.

"मास्तरांचा निष्काळजीपणा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि लिहिलं, 'हत्यार कारखान्यातच मिळाले'. चौदा जण गुडघ्यांवरचा भुसा झटकत उठले. त्या पोराशी नजर मिळवायचं धाडस मला झालं नाही.

बाहेर पडताना आबा म्हणाले, "पट्टीला उद्या जरा मेण लावू. खरंच घासतोय तो."