दोनदा मोजलेले १६८ तास

२०२० साली घेतलेल्या माझ्या फोनला कंपनीने तीन वर्षांनी सिक्युरिटी अपडेट देणे बंद केले. बॅटरी चांगली होती, स्क्रीनवर ओरखडाही नव्हता. केवळ सॉफ्टवेअर जुने झाले म्हणून फोन टाकून देणे मला पटेना. २०१६च्या डिसेंबरात सायनोजेनमॉड ही अँड्रॉइडवर आधारलेली मुक्त सिस्टिम बंद पडल्यावर त्याच्याच पायावर उभ्या राहिलेल्या लिनिएजओएसच्या यादीत माझे मॉडेल सापडले, तेव्हा तीच सिस्टिम टाकायचे ठरवले. प्रत्यक्ष इन्स्टॉलेशनला जेमतेम तास लागला. त्या तासापर्यंत पोहोचायला मात्र जवळजवळ दोन आठवडे गेले आणि त्याचा राग अजून उतरलेला नाही.

अडले ते बूटलोडरच्या कुलपापाशी. बूटलोडर हा फोन सुरू होताना अगदी आधी चालणारा प्रोग्राम असतो आणि कुलूप लागलेले असेपर्यंत तो कंपनीने मान्य केलेलीच सिस्टिम सुरू होऊ देतो. काही कंपन्यांच्या फोनमध्ये हे कुलूप कॉम्प्युटरवरून एका कमांडने उघडते. माझ्या फोनच्या कंपनीला मात्र तिचे खाते हवे होते, फोनमध्ये चालू सिम हवे होते, वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावरूनच ते खाते फोनशी जोडलेले हवे होते आणि शेवटी विंडोजवर चालणारे तिचे स्वतःचे अनलॉक टूल हवे होते. हे सगळे पार पाडल्यावर टूलने उत्तर दिले की १६८ तासांनी पुन्हा प्रयत्न करावा.

चोरलेला फोन लगेच उघडता येऊ नये म्हणून थोडी वाट पाहायला लावणे मी समजू शकतो. पण पाचव्या दिवशी खाते नीट जोडले गेले आहे की नाही अशी शंका आली म्हणून सेटिंग्जमधले खाते जोडण्याचे बटण मी पुन्हा दाबले आणि १६८ तासांची मोजणी पहिल्यापासून सुरू झाली. बटण पुन्हा दाबू नये, अशी सूचना त्या पानावर कुठेही नव्हती. किती तास उरले हे फोनमध्ये दिसत नव्हते. ते कळण्यासाठी दर वेळी फोन बंद करून फास्टबूटमध्ये (कॉम्प्युटरकडून कमांड घेण्याच्या अवस्थेत) न्यायचा, केबल जोडायची आणि टूल चालवायचे. ग्राहक सेवेला सविस्तर पत्र लिहिले, तर उत्तरात माझ्या प्रश्नाचा उल्लेखही नव्हता; अनलॉक केल्यास वॉरंटी जाईल एवढेच कळवले होते, आणि वॉरंटी तर केव्हाच संपली होती. मी पैसे मोजून घेतलेल्या वस्तूचे कुलूप उघडण्यासाठी मीच दाराबाहेर ताटकळत उभा होतो. म्हणून कळकळीने सांगतो: खाते एकदा जोडले की त्या बटणाला हात लावू नका, सिम काढू नका आणि खात्यातून बाहेर पडू नका.

या सक्तीच्या सुट्टीचा एक उपयोग झाला. अनलॉक करताना फोनमधील सगळा डेटा पुसला जातो, त्यामुळे फोटो, संपर्क आणि व्हॉट्सअॅपचा बॅकअप घेऊन तो दुसऱ्या फोनवर उघडून पाहिला. अनलॉक केलेल्या फोनवर बँकेची काही अॅप चालायला नकार देतात. माझ्या बँक खात्याला जोडलेला मोबाइल नंबर दुसऱ्या सिमचा असल्यामुळे यूपीआय आधीच घरातल्या जुन्या फोनवर हलवता आले. डाउनलोड केलेल्या फाइलचा एसएचए-२५६ आकडा, म्हणजे फाइल जशीच्या तशी आली की नाही हे ओळखण्याची खूण, मूळ पानावरच्या आकड्याशी जुळवला. मॉडेलचे सांकेतिक नावही अक्षर न अक्षर तपासले, कारण एकाच नावाने विकल्या जाणाऱ्या दोन फोनची अंतर्गत रचना वेगळी असू शकते आणि चुकीची फाइल फोन निकामी करू शकते.

दुसरे १६८ तास संपल्यावर कुलूप पहिल्याच प्रयत्नात उघडले. रिकव्हरी (नवी सिस्टिम टाकण्यासाठीचा छोटा प्रोग्राम) टाकणे, डेटा फॉरमॅट करणे हे सुरळीत झाले. साइडलोड करताना, म्हणजे केबलवरून सिस्टिमची फाइल फोनमध्ये पाठवताना, मात्र कॉम्प्युटरवरचा आकडा ४७ टक्क्यांवर थांबला. तिथे घाबरून केबल ओढू नये. फाइल पूर्ण गेली तरी आकडा अनेकदा तेवढाच दिसतो, हे मी आधी वाचले होते म्हणून निभावले. गूगलची अॅप हवी असतील तर ती पहिल्यांदा फोन सुरू करण्याआधीच टाकावी लागतात. बॅकअपबद्दल लिहिताना एक गोष्ट राहिली: स्क्रीन लॉक आणि गूगल खाते आधी काढून ठेवले, तर पुढे जुन्या पासवर्डसाठी अडून राहावे लागत नाही. आणि नवी सिस्टिम टाकल्यावर बूटलोडरला पुन्हा कुलूप लावण्याचा मोह टाळावा. बहुतेक फोन त्यानंतर सुरूच होत नाहीत.

आता अपडेट सेटिंग्जमधूनच येतात आणि सिक्युरिटी पॅचची तारीख पुढे सरकताना पाहून मनापासून समाधान वाटते. कंपनीला मी आणखी एक पत्र लिहिले आहे: त्या बटणाखाली, ‘पुन्हा दाबल्यास मोजणी नव्याने सुरू होईल,’ एवढे एक वाक्य छापा. उत्तर अजून आलेले नाही.